गावाला जाताना आवाज ठेवून जा

माझ्या बरोबरीची माणसं निवृत्त झाली आणि मार्गी लागली. एक जण विहाराचा खजिनदार झाला, एक जण नातवंडांना शाळेत नेतो-आणतो, एक जण गावातल्या प्रत्येक मयतीला सगळ्यांच्या आधी पोचतो. मी नांदेडच्या आमच्या कॉलनीत बागुलबुवा झालो. नेमणुकीचा आदेश नाही, पगार नाही, आणि रजा मात्र आधी सांगून घ्यावी लागते.

याला कारण माझा आवाज. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली आणि त्यातली बरीचशी देवणीच्या बाजूला गेली. तिकडचा वळू दांडगा. त्याला खोड्यात उभा करायचा आणि सुई घेऊन मागून जायचं. मालक लांब उभा राहून सांगणार, "काही करत न्हाई सायेब, लई गरीब हाय." तो गरीब तोवर खोड्याचे खांब हलवीत असतो. अशा वेळी गोड बोलून भागत नाही. पोटातून असा आवाज काढावा लागतो की आपलंच काहीतरी चुकलं असं जनावराला वाटलं पाहिजे. नोकरी संपली, आवाज तसाच राहिला. मी घरात सहज "चहा झाला का?" म्हणालो तरी रस्त्यावरचा भाजीवाला गाडा बाजूला घेतो.

आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्यांचा पोरगा घास गालात धरून बसायचा. दुपारचा घास संध्याकाळपर्यंत गालातच. एकदा मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो आणि फाटकातून कुणाची तरी गाय आत शिरली. मी ओरडलो, "कोन हाय रे ते?" गाय गेलीच, पण वर त्या पोराने दुपारचा घास गिळला. त्याची आई वाटी घेऊन तशीच धावत खाली आली. "काका, अजून एकदा म्हणा ना!" बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो. वाटी संपली.

भीती घालून जेवू घालणं आमच्याकडे नवीन नाही. प्रत्येक घरात त्यासाठी कुणीतरी नेमलेला असतो. कुठे पोलीस, कुठे पोत्यात घालून नेणारा. पण ते सगळे न दिसणारे. मी दिसत होतो, संध्याकाळी ओट्यावर हजर असायचो, आणि माझ्याकडे बैलाची सुई आहे हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. खरं म्हणजे सुई-बिई सगळं मी कधीच खात्यात जमा करून आलो होतो. पण ते पोरांसमोर बोलायचं नाही अशी आयांनी मला सक्त ताकीद दिली होती.

हळूहळू संध्याकाळी फाटकाशी गर्दी व्हायला लागली. कडेवर पोर, हातात वाटी. "काका, आज वरणभात हाय, थोडंच खाकरा." "काका, आज दोडका हाय, जरा जोरात." मग खाण्यावरून काम वाढत गेलं. नखं कापू न देणारे आले, मोबाइल न सोडणारे आले, अंघोळीला पळणारे आले. एक बाई तर थेट नवऱ्यालाच घेऊन आली. "काका, ह्यांला तंबाखूचं सांगा." चांगला मिशा असलेला माणूस. मी डोळे वटारून त्याला सांगितलं, आणि त्याने खिशातली पुडी काढून माझ्या हातात दिली. एक प्राध्यापक मात्र माझ्यावर रागावले. असल्या धाकाने लेकरांच्या मनावर परिणाम होतो, हे त्यांनी मला फाटकाशी उभं राहून सविस्तर समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. म्हणाले, "परिणाम होईल तेव्हा होईल, आधी हिला दूध पाजा."

खोटं कशाला सांगू, मला हे सगळं आवडायचं. नोकरीत माझं ऐकणारे सगळे चार पायांचे होते. घरात तर तेही नव्हते.

मग अहमदपूरला मेहुण्याकडे कार्यक्रम निघाला. मी जाणार हे कळल्यावर कॉलनीत पाणी जाणार असल्यासारखी धावपळ उडाली. वरची बाई खाली आली आणि म्हणाली, "जा काका, पण जाताना आवाज ठेवून जा." आणि तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कोन जेवत न्हाई रं? पत्ता सांगा मला. बैलाची सुई घेऊन निघालोच!" त्यातलं "पत्ता सांगा मला" हे मी आयत्या वेळी माझ्या मनाने घातलं होतं, आणि जाताना सबंध एसटीत मी त्याच्यावर खूश होतो.

परत आलो तर माझी गरजच उरली नव्हती. आवाज सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. एकीने बहिणीला पाठवला, बहिणीने नणंदेला, नणंदेने शाळेच्या ग्रुपवर. फाटकाशी कुणी येईना. बाजारात एकदा एका अनोळखी बाईच्या पर्समधून माझा आवाज आला आणि तिच्या हातातल्या पोराआधी मीच दचकलो.

आता माझ्या नातीचं सांगतो, कारण खरं दुखणं तेच आहे. माझा मुलगा लातूरला नोकरीला आहे, सूनबाई तिथे शाळेत शिकवते, आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. तान्ही असताना ती माझ्या पोटावर झोपायची. बोलायला लागली तेव्हा फोनवर तासभर मला मांजर दाखवायची. पण गेले काही महिने काय झालं कळेना. फोनवर आमची ही दिसली की पोरगी खुलायची, आणि मी मागून "काय करून राहिली गं?" म्हणालो की पोरगी पलंगाखाली. सगळे म्हणायचे, लाजते. मी पण म्हणायचो, लाजते. पण लाजणारं लेकरू असं पळत नाही. मला फार वाईट वाटायचं. सबंध कॉलनीची पोरं मला घाबरत होती ते माझ्या कामाचा भाग म्हणून ठीक होतं. हिने घाबरायचं काय कारण होतं?

नातीचं शाळेत नाव घातलं म्हणून आम्ही दोघं लातूरला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की ती माझ्या मांडीवर आल्याशिवाय परत यायचं नाही. चाकूरला गाडी थांबली तेव्हा तिच्यासाठी गूळशेंगदाण्याची चिक्की घेतली. दार उघडलं, ती समोर उभी होती, मी हात पसरले आणि प्रेमाने म्हणालो, "ये गं माझी माय!" पोरगी किंचाळून आत पळाली. चिक्की आमच्या हिच्या हातून घेतली तिने.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. नात आईच्या पाठीमागे. ताटात भाकरी आणि दोडक्याची भाजी. पोरगी तोंड उघडेना. सूनबाई मला म्हणाली, "मामा, जरा एक मिनिट हं, हिला हे लावल्याशिवाय जमत नाही." आणि तिने फोनवर बोट ठेवलं.

"कोन जेवत न्हाई रं? पत्ता सांगा मला. बैलाची सुई घेऊन निघालोच!"

नातीने डोळे मिटून घास घेतला. पण माझं लक्ष मुलाकडे गेलं. घोड्यासारखा वाढलेला माझा मुलगा, कार्यालयात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तो पाठ ताठ करून बसला आणि त्याने वाटीतला सगळा दोडका खाली मान घालून संपवला. दोडका त्याला जन्मात आवडलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मी पण मांडी नीट घातली.

"कुनाचा आवाज हाय हा?" मी अगदी हळू विचारलं.

"काय की! आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी पाठवला. कुणीतरी नाटकातला माणूस असेल, पण काय आवाज लावलाय ना मामा!"

सूनबाईला ओळखू आला नाही यात तिची चूक नाही. सुनेशी सासऱ्याने बोलावं तेवढंच मी बोलत आलो; "हं", "बरं" आणि "पाणी" यांच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मला आधी बरंच वाटलं. नाटकातला माणूस! मग माझ्या हातातला घास हातातच राहिला. आईला कळलं नाही ते चार वर्षांच्या पोरीला केव्हाच कळलं होतं. घरोघर पत्ता विचारत फिरणारा तो माणूस आणि तिचा आजोबा एकच होते. आणि आता तो सुई घेऊन खरंच तिच्या घरी जेवायला बसला होता.

मी ठरवलं, बोलायचंच नाही. मिशा काढता येतात, आवाज काढून ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तोंडाला कुलूप लावलं. चहा पाहिजे तर कप दाखवायचा, पेपर पाहिजे तर दोन्ही हात पसरायचे. नातीने दाराआडून बराच वेळ पाहिलं. मग आजीला विचारलं, "आजोबा बोलत का नाहीत?"

आमची ही अशा बाबतीत फार हुशार. ती म्हणाली, "त्यांचा आवाज गेला."

"कुठं?"

"पळून गेला. काय की कुठं."

पोरगी दाराच्या बाहेर आली. माझ्या अगदी जवळ आली, माझ्या तोंडात वाकून पाहिलं, आणि आत कुणी नाही याची खात्री करून घेतली. दुपारपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. तिने मला बोलायला शिकवायचं मनावर घेतलं. माझे गाल दाबून म्हणायची, "म्हणा, आ." मी नुसतं तोंड उघडायचो. "येईल हं आजोबा, हळूहळू येईल," असं म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

बाकीच्यांनी मात्र माझा छळ मांडला. सूनबाईला ही खरीच आजाराची गोष्ट वाटली आणि सकाळ-संध्याकाळ हळदीचं दूध सुरू झालं. शेजारचे लोक भेटायला आले. आवाज गेला म्हणजे कानही गेले असं धरून ते माझ्याशी ओरडून बोलायचे. एक जण जय भीम करून बसला आणि त्याच्या चुलत्याचं असंच कसं झालं आणि पुढे काय झालं ते त्याने माझ्यादेखत मुलाला सांगितलं. मला त्याला फाटकाबाहेर घालवता आलं असतं, नुसत्या एका शब्दाने. पण नात मांडीवर होती.

एका संध्याकाळी मुलगा मला स्कूटरवर मागे बसवून भाजी आणायला घेऊन गेला. आमचं दोघांचं बोलणं फारसं कधी झालेलं नाही. तो लहानपणापासून शहाणा, मुखदुर्बळ पोरगा. मी देवणीला असायचो, ही दोघं मायलेकरं शाळेसाठी अहमदपूरला खोली करून राहायची, आणि मी शनिवारी यायचो. शनिवारी पाहावं तर पोरगा हातपाय धुऊन, भांग पाडून, पुस्तक घेऊन बसलेला. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या पोराला ओरडावं लागत नाही, वळणच चांगलं आहे. तर आज स्कूटर चालवता चालवता, तोंड पुढे ठेवून, तो आपणहून बोलायला लागला. मी उत्तर देणार नाही हे माहीत होतं म्हणूनच बोलला असावा.

"बाबा, तो आवाज तुमचा हाय, मला पयल्याच दिवशी कळलं. हिला सांगितलं न्हाई मी. लहान असताना मी जेवलो न्हाई, पाढे म्हनले न्हाई, का आई म्हनायची, शनवारी येऊ दे तुझ्या बापाला. रोज म्हनायची. शुक्रवारपासून माझं पोट दुखायचं." पुढे बैलगाडी होती, ती त्याने जाऊ दिली. "तुम्ही कधी मारलं न्हाई, ते ठाऊक हाय मला. पण मला तुम्ही शनवारच वाटायचे. आता तो आवाज वाजला की भ्या वाटतं, अन् घरी आल्यासारखंबी वाटतं."

मला त्याला खूप काही विचारायचं होतं. तोंडही उघडलं. पण इतके दिवस न बोलून सवय मोडली होती, आणि समोरून भाजीमंडई आली. आम्ही दोडके घेतले.

घरी आल्यावर मी हिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठलं आणि भांडलो. मुक्याने भांडणं फार अवघड. मी मुलाकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, डोळे वटारले, हात आपटले. तिला एका क्षणात सगळं कळलं, कारण तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

"मंग काय करायचं होतं?" ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही तिकडं बैलं धरून राहिले अन् मी एकली. पोरगं ऐकायचं न्हाई. घरात तुमचं दुसरं काय होतं वापरायला? नाव होतं, तेच वापरलं."

म्हणजे कॉलनीने मला नेमलं असं मी समजत होतो ते खोटं. मी माझ्याच घरी ही नोकरी सुरुवातीपासून करत होतो आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला रडू आलं, राग आला, आणि दोन्हींना आवाज न करता यावं लागलं. मुलाने त्या संध्याकाळी बायकोच्या फोनमधून तो आवाज पुसून टाकला. काहीही कारण सांगितलं नाही.

जेवायला बसलो. फोनमधला आवाज नसल्यामुळे नात जेवणार नाही अशी सगळ्यांना धास्ती होती. पण ती माझ्या शेजारी बसली आणि आपली आपण भाकरी मोडायला लागली. जेवत नव्हतो तो मी. ताट पुढे होतं आणि घास उचलवत नव्हता. ही म्हणाली, "जेवा की." सूनबाई म्हणाली, "मामा, थोडं तरी घ्या." मी मान हलवली.

नातीने माझ्या ताटात पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने हनुवटी छातीला टेकवली, डोळे वटारले, आणि एवढ्याशा पोटातून आवाज काढला.

"कोन जेवत न्हाई रं?"

आवाज माझाच होता. लहान, पण माझा. मागे जरा घोगरा, शेवटाला वर चढणारा, अगदी वळूवर काढायचो तसा. सूनबाईच्या हातातला चमचा खाली पडला. ती कधी माझ्याकडे, कधी मुलीकडे पाहू लागली, आणि तिला सगळं समजलं असावं, कारण तिने पदर नीट केला. मुलाने पाठ ताठ केली. मी पटकन घास तोंडात घातला. खरंच घातला, विचार न करता.

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. पोरगी एकदम मऊ झाली. माझ्या गालाला खरकटा हात लावून म्हणाली, "भिऊ नका आजोबा. मीच आहे."

हे वाक्य किती सोपं होतं! दर शनिवारी दार उघडून आत येताना मला म्हणता आलं असतं. मी घास गिळला आणि पहिल्यांदा बोललो. माझ्याच आवाजात, कारण दुसरा मला येत नाही.

"हाव गं माय. मीबी मीच हाय."

मला वाटलं, आता ही पलंगाखाली जाणार, आणि मी उद्याच्या गाडीने नांदेडला. पोरगी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत राहिली.

"आला तुमचा आवाज?" ती म्हणाली. मग तिने जरा विचार केला. "पण माझ्यासारखा नाही जमला. मोठ्याने काढा." तिने मला तो पुन्हा काढायला लावला. मग अजून एकदा. प्रत्येक वेळी ती हसून माझ्या अंगावर पडायची. मग बापाकडे बोट करून म्हणाली, "आता बाबांना सांगा. बाबा भितात."

मुलगा समोर खाली मान घालून बसला होता. एवढ्या मोठ्या माणसाला असलं काही सांगायचं म्हणजे मला संकोच वाटला. पण नात वाट पाहत होती.

"अरे," मी म्हणालो, "भिऊ नको. मीच हाय."

त्याचं ताट केव्हाच चाटूनपुसून रिकामं झालं होतं, तरी त्याची बोटं त्यात फिरत होती.

"ठाऊक हाय, बाबा," तो मान वर न करता म्हणाला. "म्हनून तर जेवून राहिलो."